फेरेट : बिळातला कामकरी

फेरेट हे नाव उच्चारले की श्रोते एकमेकांकडे पाहू लागतात. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे. दोघेही लांबोडके, आखूड पायांचे आणि बिळात घुसणारे. पण कुळे निराळी. मुंगूस रानटीच राहिले. फेरेट मात्र युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, आणि तोही लाडासाठी नव्हे, कामासाठी. स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनकडे तोंडाला मुसके बांधून सशांच्या बिळांत सोडल्या जाणाऱ्या प्राण्याचे वर्णन केले आहे. तो बहुधा हाच.

आमची याच्याशी ओळख झाली ती इंग्लंडच्या उत्तरेकडील कोळसाखाणींतल्या मजुरांविषयी वाचताना. आठवडाभर जमिनीखाली राबणारा माणूस सुटीच्या दिवशी फेरेट घेऊन रानात जाई. बिळाच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, फेरेट आत सोडायचा. ससे घाबरून बाहेर पळतात ते जाळ्यांत सापडतात. कधी फेरेट आतच ससा मारतो, पोटभर खातो आणि तेथेच ताणून देतो. मग मालकाने फावडे घेऊन खणत बसावे!

यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की उपाशी ठेवला तर फेरेट चांगले काम करतो. ही अक्कल आम्ही दुसरीकडेही ऐकली आहे. जाणते पाळणारे सांगतात की उपाशी जनावरच आत मारून खात बसते. पोट भरलेले असेल तर ते सशाला पळवून परत येते. त्यातून पूर्वी त्याला दूध-पाव घालण्याची चाल होती. फेरेट निव्वळ मांसाहारी. त्याचे आतडे इतके आखूड की खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. त्यामुळे मांस हवे, आणि ते थोडे थोडे, वरचेवर हवे.

आता हाच कामकरी घरात आणून ठेवला म्हणजे काय होते? त्याचे बिळाचे वेड सुटत नाही. तो बाहीत शिरतो, पेटीमागे शिरतो. मोजे, किल्ल्या, जे हाती लागेल ते ओढत नेऊन कोपऱ्यात साठवतो. फेरेट हे नावच मुळी ‘चोर’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. पण ही चोरी नव्हे, बेगमी आहे. रबराचा तुकडा मात्र त्याच्यापासून दूर ठेवावा. गिळला तर आतड्यात अडकून जीव जातो. आनंद झाला की पाठीची कमान करून तो वेड्यासारखा आडवा-तिडवा उड्या मारतो, तोंडाने ‘डूक-डूक’ करतो. नवख्यास वाटते, अंगावर येतो आहे. दिवसाकाठी चौदा ते अठरा तास झोपतो, त्याला आळशी म्हणू नये. उरलेल्या तासांत त्याला पिंजऱ्याबाहेर धावू दिले पाहिजे. नाहीतर तो गज चावत बसतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर माज महिनोन्‌महिने उतरत नाही. रक्त कमी होऊन ती मरू शकते. म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडून वेळीच उपाय करून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट सर्दी-तापाची. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, त्याचा माणसाला. 1933 साली लंडनमधील संशोधकांनी रोग्याच्या घशातील द्रव फेरेटच्या नाकात घालूनच हा रोग विषाणूचा आहे हे दाखविले. पुढे एक फेरेट त्यांच्यातील एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला.

हौस म्हणून आपल्याकडे फेरेट आणावा का, असे आम्हांला विचारतात. त्याला घाम जवळजवळ येतच नाही. पारा तिशीच्या आसपास गेला की तो धापा टाकू लागतो, त्यापुढे उष्माघात. अकोला-नागपूरच्या वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत त्याचे काय होईल, हे तेथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मग मुंगूसच धरून पाळू, असेही कोणी म्हणेल. तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस पकडण्यास आणि बाळगण्यास बंदी आहे. ते बांधावरून पळताना दिसते, तेवढे पाहावे.