चवदार तळ्याचा दिवाणी दावा

महाडच्या चवदार तळ्याचे स्मरण आपण २० मार्च १९२७ या तारखेपाशीच थांबवतो. परंतु भारतातील मानवी हक्कांच्या इतिहासात मला तितकीच मोलाची वाटते ती त्यानंतरची दहा वर्षांची कोर्टकचेरी. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करणारा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे दप्तरी नोंदविले होते, आणि तरीही त्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी ते पाणी प्राशन करताच महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक सत्याग्रहास सिद्ध होऊन आले, तेव्हा तळे खासगी असल्याचा दावा गुदरून सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आधीच आणलेला होता. बाबासाहेबांनी, मन घट्ट करून, तो पाळला आणि लढा न्यायासनापुढे नेला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादिकालीन वहिवाट वादींस शाबीत करता आली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. पुढे राज्यघटनेच्या भेदभावास मनाई करणाऱ्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नामनिर्देशपूर्वक समावेश झाला.