दांडा खाली, दांडा वर

“ताई, आधी चष्मा,” असं म्हणून आतेभावाने प्लास्टिकचा संरक्षक चष्मा माझ्या हातात दिला आणि मगच गॅरेजमधला मोठा दिवा लावला. विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीपासून तासाभरावर त्याचं घर आहे. भिंतीलगत जाड फळीचं टेबल, आणि टेबलाच्या कडेला बोल्टने आवळलेलं एक बुटकं यंत्र. आकाराने शिवणयंत्राहून लहान, वर एक आटे पाडलेलं भोक, मधोमध वर-खाली होणारा पोलादी दट्ट्या आणि बाजूला लाकडी मुठीचा लांब दांडा. या यंत्रावर तो पिस्तुलाची काडतुसं भरतो. सुट्टीच्या दिवशी क्लबच्या मैदानावर नेमबाजीला जायचं, रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि त्या पुन्हा भरायच्या, असा त्याचा बारा वर्षांचा नेम आहे.

मी खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि आमचं लहानपण कारखान्याच्या भोंग्यावर चाललं. १८६९ साली उभा राहिलेला हा कारखाना. काडतूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उंच भिंत, गेटवरची झडती आणि काडेपेटी बाहेर ठेवून आत जाणारे वडील एवढंच यायचं. भिंतीआड काय चालतं ते घरी कधी बोलत नसत. एकदाच त्यांनी शेजारच्या निवृत्त सुभेदारांच्या टेबलावरची एक जुनी पुंगळी उचलून मला तिचं बूड दाखवलं होतं. त्यावर ‘केएफ’ अशी अक्षरं होती, म्हणजे किर्की फॅक्टरी. ज्या कामासाठी आमच्याकडे अख्खी वसाहत राबायची, ते काम इथे एका फळीवर, एका माणसाच्या हाताने होताना पाहायचं म्हणून मी त्या गॅरेजमध्ये गेले होते.

आपल्याकडे हे घरी करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो आणि विनापरवाना बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची म्हटली की लागतो. त्यामुळे हे यंत्र, त्याची बाजारपेठ, ‘सुरुवातीला कोणतं घ्यावं’ ही न संपणारी चर्चा, सगळं तिथलंच. (शब्द मात्र आपल्याकडे भलत्याच वाटेने आले. काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही मराठीला पोर्तुगिजांनी दिले.)

काडतुसाचे चार भाग. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी इवलीशी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार उडाला की तीन भाग संपतात. उरते ती पुंगळी, आणि खरी किंमत तिचीच. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या पितळाचा गुण असा, की स्फोटाच्या दाबाने ते फुगून नळीच्या भिंतीला चिकटतं, वायूला मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरला की किंचित आक्रसून सुटं होतं. किंचितच. पूर्वीच्या मापावर ते येत नाही. या यंत्राचं, म्हणजे प्रेसचं, पहिलं काम म्हणजे ही फुगलेली पुंगळी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून पुन्हा मापात आणणं.

दुसरं काम जळका प्रायमर काढणं. इथे इतिहासाने गंमत केली आहे. १८६६च्या आसपास दोघांनी दोन तऱ्हेचे प्रायमर काढले. एक इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरचा, दुसरा अमेरिकेच्या हायरम बर्डनचा. बर्डनच्या पुंगळीत बुडाला दोन बारीक छिद्रं, बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच. पुढे इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. मधल्या एका छिद्रातून सुई घालून जळका प्रायमर सहज ढकलता येतो. अमेरिकेत घरोघरी काडतुसं भरणं रुजलं त्यात या एका छिद्राचा वाटा फार मोठा आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, त्या प्रकारात पॉइंट टू-टूची काडतुसं वापरतात. त्यात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, वेगळा प्रायमर नसतोच. म्हणून ती काडतुसं एकदा उडाली की संपली. त्यांना हे यंत्र उपयोगाचं नाही.

पहिली अवजारं हातात धरायची होती. कनेक्टिकटच्या जॉन बार्लोने १८८४मध्ये ‘आयडियल’ नावाने जे विकायला काढलं, ते दिसायला आपल्या अडकित्त्याचं भावंड. पुढे १९२५मध्ये लायमन कंपनीने आयडियल विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने १९४३मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत साचे करायला सुरुवात केली. रॉक चक नावाच्या रानप्राण्याच्या शिकारीसाठी लागणाऱ्या गोळ्यांचे ते साचे होते, त्या साच्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आरसीबीएस हे नाव पडलं. त्यांची ओतीव लोखंडाची प्रेस आजही आजोबांकडून नातवाकडे जाते. आणि १९५८मध्ये विस्कॉन्सिनच्याच रिचर्ड ली यांनी घरच्या वर्कशॉपमधून एक लहानसा संच बाजारात आणला. त्याला टेबल नको, प्रेस नको. त्या जातीच्या संचात लाकडी हातोडीने ठोकून काडतूस भरायचं. ज्याच्याकडे पैसा बेताचा आहे त्यालाही हे जमलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. हार्टफर्ड गावातला त्यांचा कारखाना भावाच्या घरापासून फार लांब नाही, आणि आजही ‘परवडणारी प्रेस’ म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच निघतं. दुसऱ्या टोकाला ॲरिझोनाचे माइक डिलन. ते विमानाचे पायलट होते. त्यांच्या निळ्या यंत्रांत दांडा ओढला की एकाच वेळी चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच कामं होतात, आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

परवडणारी प्रेस कशी निवडायची हा प्रश्न म्हणजे तीन जातींतली निवड. एकेरी प्रेस: एका वेळी एकच डाय, साधी घेतली तर शंभर डॉलरच्या आत-बाहेर. टरेट: डोक्यावर चार डायची फिरती चकती, साधारण त्याच्या दुप्पट. आणि प्रोग्रेसिव्ह: चांगली घेतली तर पाच-सहाशेच्या पुढे. तासाला पन्नास-साठ काडतुसं, दीडशे-दोनशे, किंवा चारशे-पाचशे. नवा माणूस या आकड्यांकडे बघतो आणि महाग ते चांगलं असं धरून चालतो. माझ्या मते चूक होते ती इथेच. इथे जास्तीचे पैसे वेगाचे आहेत. काडतूस नेमकं किती मापात आलं, ते डाय, तराजू आणि भरणारा माणूस ठरवतो. डायचे आटेही जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे एकाच मापाचे, सात-अष्टमांश इंच व्यासाचे असतात. त्यामुळे स्वस्त प्रेसमध्ये उत्तम डाय बसते आणि उद्या प्रेस बदलली तरी डाय तीच राहते. “पैसे वाचवायचे तर लोखंडात वाचव, डायमध्ये नको,” हे भावाचं पहिलं वाक्य होतं.

पिस्तुलासाठी तर स्वस्त प्रेस पुरून उरते, आणि त्याला कारण आहे. रायफलची पुंगळी लांब, मानेशी निमुळती, ती दाबायला ताकद लागते आणि तिथे ओतीव लोखंडाची बंद चौकट हवी. पिस्तुलाची पुंगळी म्हणजे आखूड, जवळपास सरळ नळी. नाइन एमएम काडतुसाच्या पुंगळीची लांबी जेमतेम १९ मिलिमीटर. तिला ॲल्युमिनियमची चौकटही पेलते. त्यातून डायमध्ये टंगस्टन कार्बाइडची कडी असेल तर पुंगळीला तेल चोपडायचं आणि मग पुसायचं हे कंटाळवाणं काम वाचतं. कार्बाइडच्या डायला चार पैसे जास्त पडतात, ते द्यावेत.

यंत्राची मेख दांड्याखालच्या सांध्यात आहे. आपला गुडघा वाकलेला असताना पाय लुळा असतो आणि सरळ होत आला की अंगाचा सगळा भार पेलतो, तसा हा सांधा. दांडा खाली येऊ लागतो तेव्हा दट्ट्या भरभर चढतो आणि जोर कमी असतो. शेवटच्या बोटभर अंतरात, पुंगळी डायमध्ये घट्ट शिरते तेव्हा, दट्ट्या अगदी सावकाश सरकतो आणि जोर कित्येक पटींनी वाढतो. मी स्वतः दांडा ओढून पाहिला. मनगटाला फारसं काही जाणवलं नाही, पण वर पितळ मुकाट मापात आलं होतं.

भावाने त्या दिवशी मला पन्नास काडतुसांचा एक घाणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवला. आधी त्याने धुतलेल्या पुंगळ्यांची ओंजळ भरून कानाशी खुळखुळवली आणि मान हलवली. पुन्हा खुळखुळवली, आणि एक पुंगळी बाजूला काढली. तिच्या तोंडाशी केसाएवढी चीर होती. पितळ वारंवार फुगलं-दबलं की कडक होतं आणि एक दिवस चिरतं. चिरलेल्या पुंगळीचा आवाज बदलतो. बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसंच हे. मग दांडा खाली, दांडा वर, पन्नास वेळा. पुन्हा नवा प्रायमर बसवायला पन्नास वेळा, आणि दरवेळी बुडावरून अंगठा फिरवायचा. प्रायमर कडेच्या किंचित खालीच बसला पाहिजे, वर आलेला चालत नाही. पुढे दारू. ती ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सराफाच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. तराजू वापरण्याआधी तो प्रमाणवजन ठेवून तपासतो, आणि किती दारू ते छापील पुस्तकातूनच घेतो. ऐकीव आकडा तो कागदावर लिहूनसुद्धा घेत नाही.

यानंतरची कृती मला सगळ्यांत मोलाची वाटली. दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या पन्नास भोकांत उभ्या होत्या. त्याने मोठा दिवा घालवला, हातात बॅटरी घेतली आणि ओळीने एकेका पुंगळीत डोकावून पाहिलं. दारूची पातळी सगळीकडे सारखी आहे का, कुठे रिकामी, कुठे दुप्पट तर नाही. बोलला नाही, मलाही बोलू दिलं नाही. नाइन एमएमची पुंगळी इतकी लहान की दारू दोनदा पडली तर बहुधा उतू जाते आणि कळतं. पण पॉइंट थ्री-एट स्पेशल हे १८९८च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या जमान्यातून आलेलं काडतूस. त्याची पुंगळी ऐसपैस, तिच्यात आजची जहाल दारू दुप्पट पडली तरी वरून पाहिल्याशिवाय पत्ता लागत नाही. नाइन एमएमच्या काडतुसाला प्रमाणित दाबाची मर्यादाच चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. हातात धरलेल्या लोखंडात एवढा दाब कोंडायचा असतो.

एकेरी प्रेस नवख्याने घ्यावी ती यासाठी. तिच्यावर प्रत्येक टप्प्याला हात थांबतो, आणि थांबलेल्या हाताबरोबर डोळा फिरतो. भावाच्या क्लबातल्या एकाने पहिलंच यंत्र म्हणून महागडी प्रोग्रेसिव्ह घेतली होती. एका संध्याकाळी ती मध्येच अडकली, त्याने ती सोडवली आणि पुढे चालू केली. त्या गडबडीत एक पुंगळी दारूविनाच पुढे सरकली. मैदानावर चाप ओढला तर बार उडण्याऐवजी नुसतं ‘फुस्’ झालं. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसली होती. शेजारी उभ्या असलेल्या भावाने ओरडून त्याला थांबवलं. पुढचा बार काढला असता तर नळी फुगली किंवा फुटली असती. दोष यंत्राचा नव्हता. पण एका ओढीत पाच कामं करणाऱ्या यंत्रावर पाच ठिकाणी नजर लागते, आणि ती नजर आधी एकेका कामावर तयार झालेली असावी लागते.

टरेट ही मधली वाट. तिच्या पोटातून एक पीळ दिलेली चौकोनी सळी जाते. दांडा ओढला की त्या पिळावर डोक्याची चकती पाव वळसा फिरते. चार ओढींत एक काडतूस, आणि तरीही एका वेळी एकच पुंगळी डोळ्यांसमोर. सळी काढून ठेवली की तीच प्रेस एकेरी होते. महिन्याला दोन-तीनशे काडतुसं लागणाऱ्याने सरळ हीच घ्यावी असं मला वाटतं. पहिले काही दिवस सळी काढून शिकावं, हात बसला की सळी घालावी.

पैसे वाचतात का? नाइन एमएमची काडतुसं कारखान्यातूनच इतकी स्वस्त येतात की तिथे फार काही हाती लागत नाही. पॉइंट फोर-फाइव्ह किंवा पॉइंट फोर-फोरसारख्या जाड, महाग काडतुसांत वाचतात. २०२०नंतर प्रायमरच मिळेनासे झाले, तेव्हा भावाचं यंत्र कित्येक महिने फडक्याखाली झाकलेलं होतं. यंत्राशिवाय तराजू, पुस्तक, मोजपट्टी, पुंगळ्या घासण्याचं भांडं हा खर्च वेगळा, तोही आधी धरावा. आणि शिशाचं भान हवं. काम झाल्यावर भाऊ कोपरापर्यंत हात धुतो, त्या टेबलाशी चहा घेत नाही आणि लहान मुलांना गॅरेजमध्ये येऊ देत नाही.

पुंगळ्यांवर गोळ्या बसवल्या आणि पन्नास काडतुसं झाली. त्याने पिस्तुलातून सुटी काढलेली नळी उभी धरून एकेक काडतूस तिच्यात सोडलं. टप्, टप्, आपल्या वजनाने पडायचं आणि उलटं केलं की घसरून बाहेर यायचं. एक अडलं. ते त्याने वेगळ्या डबीत टाकलं, आणि उरलेल्या एकोणपन्नासांच्या खोक्यावर तारीख, दारूचं नाव, वजन आणि गोळीचा प्रकार लिहिला.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला त्याची पहिली, पुढून उघडी असलेली ॲल्युमिनियमची प्रेस अजून आवळलेली होती. मुठीचा रंग उडालेला, चौकट तशीच शाबूत. संध्याकाळी क्लबातला एक नवा मुलगा पाना घेऊन आला. भावाने त्याला एक जुना ठोकळा दिला, बॅटरी दिली आणि अर्धा तास नुसतं पुंगळ्यांत डोकावायला लावलं. मग मुलाने स्वतःच बोल्ट सोडवले आणि प्रेस कापडात गुंडाळून गाडीत ठेवली. फळीवर बोल्टची तीन भोकं राहिली, भोवती पितळाची बारीक पिवळी भुकटी. भावाने ती ओल्या फडक्याने टिपून घेतली आणि हात धुवायला गेला.