पोट धरून उठलेला मुलगा

वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यांत रात्रपाळी चालते. समजा, वडील कामावर आहेत आणि पहाटे तीनला तेरा वर्षांचा मुलगा पोट धरून उठतो, ओकतो. आई बेंबीभोवती हिंग लावते, ओव्याचं पाणी देते, उजाडायची वाट पाहते. दुखतंय पोटाच्याही खाली, पण ते आईला कसं सांगायचं?

पोट दुखतंय म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. गर्भात वृषणं तयार होतात ती पोटात, मूत्रपिंडांजवळ. पुढे ती अंडकोशात उतरतात, मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वरूनच येतात. त्यामुळे खाली वृषणाला पीळ बसला तरी कळ पोटात उठते. काही मुलांत वृषण भोवतीच्या आवरणात नीट धरलेलं नसतं, घंटेच्या लोलकासारखं लोंबतं. ते झोपेतही स्वतःभोवती फिरून त्याला पीळ बसू शकतो. आधी शिरा दबून सूज येते, मग धमनीही बंद होते. वयात येणाऱ्या मुलांत हे अधिक दिसतं.

कळ उठल्यापासून 6 तासांत पीळ सुटला तर 10 पैकी 9 वृषणं वाचतात. 24 तासांनंतर जेमतेम एखादं. नंदेसरीहून वडोदऱ्याचं सयाजी रुग्णालय काही फार लांब नाही. वेळ जातो तो घरात, संकोचात. मला याचीच सर्वांत जास्त हळहळ वाटते.

डॉक्टर मांडीच्या आतून हलकेच बोट फिरवतात. एरवी त्या बाजूचं वृषण चटकन वर उचललं जातं. पीळ असेल तर बहुधा हलत नाही. ते कडक, वर सरकलेलं, आडवं लागतं. कलर डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो, पण लक्षणं स्पष्ट असताना तिच्यासाठी थांबणं चूक. शस्त्रक्रियेत पीळ उलगडून रंग परततो का ते पाहतात आणि दुसऱ्या बाजूचं वृषणही टाके घालून पक्कं करतात, कारण ठेवण बहुधा दोन्हीकडे सारखीच असते. वृषण मेलेलं असेल तर काढावं लागतं. उरलेलं एक निरोगी असलं तर मूल होण्यास सहसा पुरतं.

म्हणून पोट दुखणाऱ्या मुलाला आईनेच सरळ विचारावं, ‘खाली दुखतंय का रे?’ हो म्हणाला तर शेक नको, चहा-बिस्कीटही नको, कारण भूल द्यावी लागेल. 108 ला फोन करावा. आणि कळ आपोआप थांबली तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवावं. सुटलेला पीळ पुन्हा बसू शकतो.