पेशीचा दुबळेपणा हेरणारं औषध 🧬

आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएला रोज हजारो बारीकसारीक इजा होतात आणि पेशी त्या गुपचूप दुरुस्त करत राहते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सॅन्कार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता खरी गंमत! डीएनएचा एकच धागा तुटला, तर 'पार्प' हे प्रथिन धावून येतं. दोन्ही तुटले, तर अचूक सांधणीसाठी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं लागतात. काहींना यातल्या एकाची सदोष प्रत जन्मतःच मिळते. त्यांना कर्करोग झाला, तर गाठीतल्या पेशींत दुसरी, चांगली प्रतही निकामी झालेली असते.

अशा वेळी औषधाने पार्पला रोखलं, तर? डीएनएची नक्कल होताना तुटलेल्या जागा वाढत जातात, सांधणारं कुणी उरत नाही आणि पेशी मरते. निरोगी पेशी मात्र उरलेल्या चांगल्या प्रतीच्या जोरावर बऱ्याच अंशी तगतात.

ब्रिटनमधल्या दोन संशोधक गटांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये हे दाखवलं. २०१४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी ओलापारिब या पार्प रोखणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे स्तन, प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या काही कर्करोगांतही.

हा रामबाण उपाय नाही. रक्तक्षय होऊ शकतो, शिवाय काही गाठी बिघडलेलं जनुक पुन्हा चालतं करून औषधाला चकवतात.

जवळच्या नात्यात स्तन किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

#डीएनए #कर्करोग #विज्ञानमराठीतून