गंजलेले ब्रेक-बोल्ट सोडवणे

मोटारीच्या ब्रेकची दुरुस्ती करताना आट्यांत गंज धरल्यामुळे न फिरणारे बोल्ट, नट व स्क्रू न मोडता काढण्याच्या कामास गॅरेजच्या बोलीत ‘जाम बोल्ट सोडवणे’ म्हणतात. कॅलिपरचे बोल्ट, ड्रमचे स्क्रू, ब्रेक पाइपचे नट आणि हवा काढण्याचा निपल हे भाग चाकाजवळ उघड्यावर असल्याने त्यांना गंजाचा उपद्रव विशेष होतो.

कारण

लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगातून गंज बनतो. तो मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील फट भरून बोल्ट पाचरीसारखा अडकतो. कोकणात खारी हवा ही क्रिया वेगाने घडवते. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर समुद्रापासून दूर आहे. मात्र कोळसा खाणी व चुनाभट्ट्यांच्या या परिसरातील धूळ पावसाळ्यात चिखल होऊन चाकांच्या आत बसते आणि ओल धरून ठेवते.

पद्धत

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावतात व जॅकखेरीज घोडीचाही आधार देतात. नुसत्या जॅकवर विसंबून जोर लावणे जिवावर बेतू शकते. तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंजात झिरपणारे तेल सोडतात आणि काही तास, शक्य असल्यास रात्रभर, थांबतात. घाई येथेच नडते. १९५३ साली तयार झालेले ‘डब्ल्यूडी-४०’ या कामी सर्रास वापरले जाते. परंतु त्याचा मूळ उद्देश पाणी हटवणे हा होता, हे त्याच्या इंग्रजी नावातच आहे.

डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिल्यास गंजाची पकड तुटते. नंतर षट्कोनी गोटी पाना पूर्ण बसवून बोल्ट आधी किंचित आवळतात, मग सैल करतात. असे पुढे-मागे करीत तो बाहेर आणतात. बारा कोनांच्या पान्याने डोके गोल होण्याचा धोका अधिक असतो.

तरीही न सुटल्यास बोल्टऐवजी भोवतालचा भाग तापवतात. १० मिमी व्यासाचे पोलादी छिद्र ३०० अंश सेल्सिअसने तापवल्यास सुमारे ०.०३६ मिमी मोठे होते. फट तेवढ्याने मोकळी होऊ शकते. मात्र रबरी नळी, सील व ब्रेक ऑइलजवळ ज्योत नेऊ नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर लावलेल्या जागी उष्णता दिल्यास अत्यंत विषारी फॉस्जीन वायू निर्माण होऊ शकतो.

निपल पोकळ असल्याने सर्वांत लवकर मोडतो. मोडलेल्या बोल्टच्या ठुणक्यावर नट वेल्ड करतात किंवा मधोमध भोक पाडून उलट आट्यांच्या हत्याराने तो काढतात.

पुन्हा बसवताना

झिरपलेले तेल डिस्क वा लायनिंगवर राहिल्यास ब्रेक लागत नाहीत. डिस्क पुसून घेता येते, तेल प्यालेले लायनिंग बदलावेच लागते. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस लावतात, कारण साध्या खनिज ग्रीसने रबर फुगते. बदली बोल्ट त्याच प्रतीचा असावा, डोक्यावरील ८.८ किंवा १०.९ हे आकडे त्याची ताकद दर्शवतात.