प्रश्नपत्रिका कोण काढतो?

शाळेतले विज्ञान : लेखांक 7

मागच्या आठवड्यात अटल टिंकरिंग लॅबचा हिशेब पाहिला. 2016 पासून चाललेल्या या योजनेत एका शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, प्रयोगशाळांची संख्या 10 हजारांवर गेली आहे आणि 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी 50 हजारांची घोषणा झाली. त्यात थ्री-डी प्रिंटर येईल, सेन्सर येतील, भिंतीला नवा रंग लागेल. याला कोणाची हरकत असायचे कारण नाही. पण खोली उभी राहिली म्हणजे विज्ञानशिक्षण सुधारले, असा जो सूर या घोषणांमागे ऐकू येतो, तो तपासून पाहिला पाहिजे. आपल्या देशातला एक लांब पल्ल्याचा प्रादेशिक प्रयोग त्यासाठी उपयोगी पडतो, कारण तो 30 वर्षे चालला आणि मग एका सरकारी आदेशाने बंद झाला. तो इतका का टिकला आणि अखेर का बुडाला, या दोन्हींचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी सापडते, आणि ते ठिकाण प्रयोगशाळा नव्हे.

होशंगाबाद हा मध्य प्रदेशातला नर्मदाकाठचा जिल्हा, आता नर्मदापुरम. 1972 मध्ये तिथल्या 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेले शास्त्रज्ञ. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला होता. त्या वातावरणातूनच पुढे 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. 1978 मध्ये होशंगाबादचा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. 1982 मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने तो पुढे नेला. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी, मुले शेतकऱ्या-मजुरांची. निवडक हुशार मुलांसाठी काढलेला हा वर्ग नव्हता, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी.

‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत. प्रयोग कसा करायचा आणि त्यावरचे प्रश्न एवढेच असे. फूल उकलून पाहायला सुई लागते, तिथे बाभळीचा काटा चाले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून भूमितीच्या आकृत्या बनवण्याची युक्ती अरविंद गुप्तांना याच कार्यक्रमात सुचली. ते तेव्हा पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनीअर होते आणि रजा घेऊन तिकडे गेले होते. पुढे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशा खेळण्यांचे भांडारच उभे केले. आठवीच्या पुस्तकात संयोग आणि संभाव्यता यांवर धडा होता. मुलांनी नाणे उडवायचे आणि छाप-काटा लिहून ठेवायचा. एकाला दहांत सात वेळा छाप मिळतो, शेजारच्याला तीनच वेळा. दोघेही आपापल्या नाण्यात काहीतरी खोट आहे म्हणू लागतात. मग साऱ्या वर्गाच्या नोंदी फळ्यावर एकत्र केल्या की बेरीज निम्म्याच्या आसपास सरकताना दिसते. हे घडवायला प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो तासाभराचा गोंधळ सहन करणारा शिक्षक.

असा शिक्षक आपोआप तयार होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत काचेचे सामान कपाटात कुलूपबंद असते, कारण डेडस्टॉक रजिस्टरवर त्याची नोंद शिक्षकाच्या नावावर असते आणि फुटलेल्या परीक्षानळीचा खुलासा त्यालाच द्यावा लागतो. होशंगाबादने ही अडचण प्रशासनाच्या भाषेतच सोडवली. दर इयत्तेसाठी उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि नंतर दरमहा बैठक. सामानाची तूट दरवर्षी भरून देण्याची सोयही होती. शाळाभेटीला येणारा माणूस तपासणीपेक्षा मदतीसाठी येई. पण सगळ्यात मोलाची सुधारणा परीक्षेत झाली. आठवीच्या बोर्डाच्या विज्ञानाच्या पेपरला मुले आपले पुस्तक आणि वही उघडून बसत आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होई. पाठांतराला गुणच नसल्यावर गाइडला गिऱ्हाईक उरत नाही. आणि गाइड चालत नाही असे दिसले की पालकही मुलाच्या वहीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. प्रश्नपत्रिका ज्या हातांनी निघते, त्याच हातांत वर्गातला तास असतो, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे : मुलांनी सारे विज्ञान स्वतः शोधायचे म्हटले तर न्यूटनपर्यंत पोचायलाच आयुष्य जाईल. तो खरा आहे. अणू-रेणूंची कल्पना नाणी उडवून किंवा पाने गोळा करून हाती लागत नाही, ती कोणीतरी सांगावीच लागते. पण सहावी ते आठवीच्या वयात नोंद कशी घ्यायची, दोन नोंदी जुळल्या नाहीत तर काय करायचे, ही सवय लागली नाही, तर पुढे सांगितलेला अणू हाही एक पाठ करायचा शब्दच राहतो. दुसरा आक्षेप असा की एका जिल्ह्यासाठी वेगळे पुस्तक काढले तर बदली होऊन आलेल्या मुलाचे काय? हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कार्यक्रम बंद करण्यात नाही, वाढवण्यात आहे. तो अखेरीस सुमारे 15 जिल्ह्यांतल्या हजारभर शाळांत पोचलाही होता.

तरी 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. दहावीच्या निकालात होशंगाबाद मागे आहे, असे एक कारण पुढे आले. त्या आकड्यांवर बराच वाद झाला. ‘एकलव्य’ आणि अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी निर्णयाला विरोध केला. आकड्यांचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. आठवीपर्यंत वही उघडून विचार करायला शिकलेले मूल नववीत जुन्या पुस्तकासमोर आणि दहावीत जुन्या प्रश्नपत्रिकेसमोर बसवायचे आणि त्या प्रश्नपत्रिकेवरून आठवीची पद्धत जोखायची, हे पोहायला शिकवून धावण्याच्या शर्यतीत उभे करण्यासारखे झाले. कार्यक्रमाची कमजोरी इथेच होती. त्याने आठवीची परीक्षा जिंकली, पण दहावीच्या परीक्षेपर्यंत तो कधी पोचलाच नाही. तीस वर्षे मिळूनही पुढच्या दोन इयत्तांत शिरकाव झाला नाही, हा दोष केवळ सरकारच्या माथी मारून चालणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्याआधी ते हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागात होते. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे, असा अभ्यासक्रम त्यांनी आखला. त्यात वेल्डिंग आले, बांधकाम आले, विजेची जोडणी, माती-पाण्याची तपासणी, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य हेही आले. मुलांनी गावासाठी प्रत्यक्ष कामे करायची आणि त्यांचे पैसे शाळेला मिळायचे. यातली चतुराई अशी की राज्य मंडळाने हा विषय पूर्वव्यावसायिक म्हणून मान्य केला, म्हणजे तो दहावीच्या गुणपत्रिकेत गेला. मुख्याध्यापकाला वेळापत्रकात जागा काढावी लागली, पालकाला तो ‘जादा उद्योग’ वाटला नाही. 2003 मध्ये कलबाग गेले, काम थांबले नाही. त्याचा आवाका राज्याच्या मानाने लहानच राहिला, हे कबूल. पण गुणपत्रिकेत असलेली गोष्ट एका फायलीने पुसून टाकणे अवघड असते.

आता आपल्या दहावीकडे पाहू. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, 40-40 गुणांचे लेखी पेपर आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. हे 20 गुण शाळेच्या हातात, आणि कोणत्याही शाळेला आपल्या मुलांचे गुण कापायचे नसतात. मग जर्नल एकमेकांची उतरवून पूर्ण होतात, सह्या होतात आणि वीसपैकी एकोणीस पडतात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या परीक्षेत नापास होणे अशक्य, तिची तयारी करून घ्यायला कोणाकडे वेळ असेल? या 20 गुणांत दुसऱ्या शाळेचा परीक्षक आला आणि मुलाने आधी न पाहिलेला एखादा साधा प्रयोग, अगदी दोऱ्याला दगड बांधून केलेल्या लंबकाचासुद्धा, समोर मांडून नोंदी घ्यायला सांगितल्या, तर पुढच्या जूनपासून कपाटांची कुलपे निघतील. परीक्षकांचा प्रवासभत्ता आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण एवढा त्याचा खर्च. नव्या 50 हजार प्रयोगशाळांच्या खर्चापुढे तो किती, याचा अंदाज वाचकांनीच करावा. मात्र या मागणीला पहिला विरोध निकालाच्या टक्केवारीची काळजी असणाऱ्यांकडून येईल, आणि ती टक्केवारी कोणाकोणाला प्यारी आहे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.