ओटीचा रंग आणि माजघरांतील गळती

घरीं कार्य निघालें, पाहुणे यावयाचे असले, म्हणजे ओटीला रंग लावण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु माजघराचें छप्पर गळत असतां, विहिरीचा रहाट मोडला असतां आणि अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्यास औषध मिळत नसतां जें कुटुंब आपला सारा पैसा ओटीच्या शोभेवर खर्च करतें, त्यास आपण शहाणें म्हणत नाहीं. कुटुंबाला लागू पडणारा हा न्याय गांवाला, जिल्ह्याला व देशालाहि लागू पडतो कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधण्यापेक्षां मुंबईच्या उत्तरेस पसरलेल्या पालघरच्या किनारपट्टीकडे थोडें डोळसपणें पाहिल्यास अधिक लवकर सांपडेल.

पालघर स्थानकाच्या पश्चिमेस, सातपाटीच्या वाटेवर, समुद्राला लागून शिरगांव वसला आहे. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेंत, १७३९ सालीं, येथील किल्ला मराठ्यांनीं पोर्तुगिजांकडून घेतला. त्याचे बुरूज व तट आजहि बऱ्याच चांगल्या स्थितींत आहेत. किनाऱ्यावर सुरूचें बन, आंत नारळीच्या वाड्या, पलीकडे सातपाटीचें मोठें मासेमारी बंदर, असा हा देखावा आहे. सुटीच्या दिवशीं येथें येणारा शहरवासी वाळूवर दोन घटका बसतो, किल्ल्याचीं छायाचित्रें घेतो आणि ‘काय सुंदर गांव आहे!’ असें म्हणत परत जातो. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. पण गांव पाहणें आणि गांवाचें जिणें पाहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या पट्ट्यांतील लोकांचा दिवस मोठा कष्टाचा असतो. होडीवर जाणाऱ्याचें घड्याळ भरती-ओहोटीवर चालतें, वाडीवाल्याचें पाण्याच्या पाळीवर, नोकरदाराचें आगगाडीवर. बायकांना तिन्ही घड्याळें एकाच वेळीं सांभाळावीं लागतात. सासऱ्याचें पथ्य, मुलांची शाळा, नवऱ्याचा डबा आणि मासळीचा किंवा भाजीचा बाजार, हें सारें उन्हें वर येण्याच्या आंत उरकावयाचें असतें. अशा घरांना ‘विकास’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर त्या अर्थांत भव्य इमारती क्वचितच असतात. वेळेवर येणारी गाडी, नळाला येणारें पाणी, रात्रीं-अपरात्रीं भेटणारा वैद्य आणि समुद्रांत शिल्लक असलेली मासळी, एवढ्यांत तो अर्थ आटोपतो.

आतां ओटीकडे पाहूं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. त्याच्या मुख्यालयाचें विस्तीर्ण संकुल सिडकोनें उभारलें व २०२१ सालीं त्याचें उद्घाटन झालें. तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देऊं लागलें. शेजारीं बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. मुंबई-अहमदाबाद द्रुतगति रेल्वेचें एक स्थानक बोईसरला नियोजित आहे. आणि डहाणूजवळील वाढवण बंदराचें भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथें झालें. त्या बंदराचा अंदाजी खर्च सुमारें ७६ हजार कोटी रुपये आहे. एवढी यादी वाचून कोणाहि परक्यास वाटावें कीं, या भूमीवर लक्ष्मीचा वरदहस्त आहे.

परंतु आंत शिरतांच गळतीचे थेंब अंगावर पडूं लागतात. याच जिल्ह्याच्या पूर्वेस जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें १९९२-९३ च्या सुमारास कुपोषणानें व रोगराईनें बालकांचे जे बळी गेले, त्यानें सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री येऊन गेले, योजना जाहीर झाल्या. तथापि २०१६ सालीं, म्हणजे नवा जिल्हा होऊन दोन वर्षें लोटल्यावर, मोखाड्यांतील बालमृत्यूंच्या हकीकती वृत्तपत्रांत पुन्हा छापून आल्या. जिल्हा झाला तरी अत्यवस्थ रोग्यास मुंबईस, नाहीं तर परप्रांतांत सिल्वासा किंवा वलसाड येथें न्यावें लागे, ही तक्रार पुढें कित्येक वर्षें ऐकूं येत राहिली. कचेरी जवळ आली, पण धन्वंतरी दूरच राहिला, असें म्हणावें लागतें.

विजेची गोष्टहि अशीच विचार करावयास लावणारी आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं दोन गांवें उठविण्यांत आलीं. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे हे संच २००५ व २००६ सालीं कार्यरत झाले. गांवकऱ्यांना दुसरीकडे घरें मिळालीं. पण पुनर्वसनाचा तंटा उच्च न्यायालयांत वर्षानुवर्षें चालला. याचें कारण समजण्यासारखें आहे. घराच्या भिंतींचें मोजमाप करतां येतें. किनाऱ्याचें करतां येत नाहीं. ज्याची होडी अंगणासमोर लागत होती, त्याला समुद्रापासून दूर पक्कें घर दिलें, तर कागदोपत्रीं त्याची उन्नति झालेली दिसते. प्रत्यक्षांत त्याचा धंदा बुडालेला असतो.

बोईसरच्या कारखान्यांनीं हजारों हातांना काम दिलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. आपल्या घरांतील औषधें, रंग, कापड यांपैकीं पुष्कळ वस्तूंचा उगम अशाच वसाहतींत असतो. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची जी पाहणी केली, तींत ९३.६९ गुण मिळून तारापूरचा पहिला क्रमांक आला. हे गुण शाळेंतल्यासारखे नव्हेत. ते दूषिततेचे आहेत, व जितके अधिक तितकी अवस्था वाईट. या वसाहतीचें सांडपाणी नवापूरजवळ समुद्रांत सोडलें जातें. त्याच पाण्यावर मच्छीमाराचें पोट आहे. कारखान्यांतला पगार थोरल्या भावास आणि त्याच कारखान्याचें पाणी धाकट्याच्या जाळ्यांत, अशी एकाच कुटुंबाची वांटणी होऊं लागली, तर त्या कुटुंबानें आपलें उत्पन्न वाढलें म्हणावें कीं घटलें म्हणावें?

पाण्याचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. सूर्या नदीवर धामणी व कवडास येथें जो प्रकल्प झाला, तो मूळ शेतीच्या सिंचनासाठीं होता. पुढें शहरें वाढलीं. वसई-विरार व मिरा-भाईंदर यांची तहान भागविण्यासाठीं दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें हातीं घेतली. शहरांतील माणसांनाहि पाणी हवेंच. त्यांत दोष नाहीं. परंतु ज्यांच्या जमिनी धरणाखालीं गेल्या व ज्यांच्या शेतांना कालव्याचें वचन होतें, त्यांची पाळी रांगेंत शेवटची कां, या प्रश्नाचें उत्तर नळ सोडणाऱ्या प्रत्येकानें स्वतःशीं द्यावयास हवें.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असें मात्र नव्हे. इराकच्या उत्तरेस कुर्द लोकांचा स्वायत्त प्रदेश आहे. १९८८ सालीं हलब्जा येथें विषारी वायूनें हजारों कुर्द मारले गेले. १९९१ च्या उठावानंतर त्यांना स्वराज्याचा मार्ग मोकळा झाला आणि २००३ च्या युद्धानंतर तेलाचा पैसा आला. एर्बिल व सुलेमानिया येथें उंच मनोरे, थाटाचीं उपाहारगृहें व झगझगीत बाजारपेठा उभ्या राहिल्या. पण त्याच मनोऱ्यांच्या सावलींत सरकारी वीज दिवसाचे कित्येक तास नसे, आणि गल्लीगल्लींतील खासगी जनित्रांवर लोक दिवे लावीत. २०१४ सालीं बगदादशीं तंटा व युद्धाचें नवें संकट एकदम ओढवलें, तेव्हां शिक्षकांचे व इतर सरकारी नोकरांचे पगार थकले. ज्या समाजानें एवढें सोसलें, त्यास सुखवस्तु दिसण्याची हौस वाटली तर त्यास कोण हंसेल? तथापि पाया न घालतां उभारलेलें वैभव पहिल्या वादळांतच डळमळतें, हा धडा त्यांच्या अनुभवांतून आपणांस फुकट मिळाला आहे.

मग नवें कांहीं करूंच नये काय? असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. १६ एप्रिल २०१३ रोजीं मुंबईची उपनगरी गाडी विरारपुढें डहाणूपर्यंत धांवूं लागली. त्या एका सोयीनें कितीतरी मुलींची महाविद्यालयें व कितीतरी घरांच्या नोकऱ्या जवळ आल्या. तिला वरवरची सुधारणा कोण म्हणेल? आणि याहून मोठें उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या व पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर रुजलें. वारली मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसल्यावर त्यांना दोष न देतां या बाईंनीं शाळाच मुलांच्या अंगणांत व गुरें चारण्याच्या कुरणांत नेली. तेथें डोळे दिपविणारी इमारत नव्हती. पण आज देशभर परिचित असलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचें बीज या कार्यांत सांपडतें. दोन सुशिक्षित स्त्रिया शहरांतील सुखसोयी सोडून आल्या आणि माजघराची गळती आधीं शोधूं लागल्या, हें त्यांच्या यशाचें मर्म होय.

वाचकहो, आपल्या घरांतील दिवा तारापूरच्या विजेवर लागत असेल, आपल्या नळाला सूर्येचें पाणी येत असेल, आपली सुटी शिरगांव-केळव्याच्या वाळूवर जात असेल. तेव्हां या प्रदेशाशीं आपला संबंध पाहुण्याचा नाहीं, भाऊबंदांचा आहे. एकत्र कुटुंबांत एक भाऊ जेवला व दुसरा उपाशी राहिला, तर कर्त्या माणसास घांस गोड लागत नाहीं. म्हणून पुढच्या वेळीं एखाद्या भव्य योजनेची बातमी घरांत मोठ्यानें वाचली जाईल, तेव्हां खर्चाच्या आंकड्यापाशींच थांबूं नये. हिच्यामुळें कोणाचें पाणी वाढलें व कोणाचें आटलें, कोणास घर मिळालें व कोणाचा धंदा गेला, आजाऱ्यास दवाखाना किती जवळ आला, हे प्रश्न वडीलधाऱ्यांनीं मुलांदेखत विचारावेत आणि मतें मागावयास येणाऱ्यांसहि विचारावेत. असे प्रश्न विचारणारीं घरें जितकीं वाढतील, तितकें माजघराकडे दुर्लक्ष करणें राज्यकर्त्यांस कठीण जाईल.